खाऱ्या पाण्याची टाकी घरी बसवताना: आधी पाइप समजून घेऊ, मग मासे



दर वर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच, "सर, नेमो घरी पाळता येतो का?" २००३ साली आलेल्या त्या चित्रपटातला केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश मुलं अजून विसरलेली नाहीत. पूर्वी अशा मुलांना घेऊन चर्नी रोडला उतरायचं आणि मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात शिरायचं, एवढं सोपं होतं. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झालेलं हे मत्स्यालय मुंबईतल्या कित्येक पिढ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलं. २०१५ साली ते नव्या रूपात उघडलं, पण कोविडच्या काळात दारं बंद झाली. त्यामुळे हल्ली मुलं समुद्री मासे पाहतात ती मोबाइलवर, आणि मग हट्ट धरतात घरच्या टाकीचा.

असाच एक हट्ट मी पुरवला. लालबागमधल्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन फुटांची टाकी बसवली. मासे अजून आणलेच नव्हते, नुसतं खारं पाणी फिरत होतं. तिसऱ्या रात्री दहा मिनिटं वीज गेली. वीज आली तेव्हा दारात खालच्या काकू उभ्या होत्या. त्यांच्या छतातून पाणी ठिबकत होतं, आणि गणपती आठ दिवसांवर आलेले, घर नुकतंच रंगवलेलं! काकू रागावल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण मिठाच्या पाण्याचा डाग रंगावरून जात नाही, हे मला दर वेळी जिना उतरताना आठवतं.

गंमत म्हणजे टाकी फुटली नव्हती, पाइप निखळला नव्हता, कुठलाही सांधा गळत नव्हता. पाण्याने पाण्याचा नियम पाळला होता. चुकलं होतं माझं गणित. तेही सातवी-आठवीतलं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. म्हणून या लेखात माशांपेक्षा पाइपांबद्दल जास्त लिहिलं आहे. घरी टाकी बसवायची असेल तर उपयोग होईलच, आणि बसवायची नसेल तरी वर्गात शिकवायला यात बरंच काही आहे.

आधी एक कायद्याची गोष्ट

इंटरनेटवर 'रीफ टँक' शोधलं की रंगीबेरंगी प्रवाळांनी भरलेल्या टाक्या दिसतात. त्या परदेशातल्या असतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहे. २००१ पासून कठीण सांगाड्याचे सगळे प्रवाळ या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्री घोडेही त्याच अनुसूचीत आहेत. समुद्रातून प्रवाळ काढणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. दुकानात 'लाइव्ह रॉक' किंवा शोभेचा पांढरा दगड म्हणून जे विकतात, तोही अनेकदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. तो घेऊ नका.

मुलांना हे सांगताना नुसतं 'बंदी आहे' असं सांगू नका, कारणही सांगा. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे, तो प्राणी आहे. इवल्याशा असंख्य प्राण्यांची ती वसाहत असते. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशसंश्लेषण करून प्रवाळाला अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. हे सगळं पाहायला अंदमान-लक्षद्वीपलाच जायला हवं असंही नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात प्रवाळ आहेत. इतकंच काय, आपल्या वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरही आहेत. सागरी किनारा रस्त्याचं काम आलं तेव्हा, २०२० साली, तिथल्या प्रवाळांच्या वसाहती वनविभागाच्या परवानगीने उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. तळहाताएवढ्या वसाहतींसाठी एवढी खटपट का केली, हा वर्गातल्या चर्चेसाठी चांगला विषय आहे.

मग घरी काय करता येईल? प्रवाळ नसलेली, पण खडकांच्या कपारी असलेली खाऱ्या पाण्याची टाकी. खडक सिरॅमिकचे किंवा माणसाने बनवलेले. मासे शक्यतो पैदास केंद्रात वाढवलेले. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास बंदिस्त जागेत करून दाखवली आहे, त्यामुळे असे मासे मिळू शकतात. दुकानदाराला तसं स्पष्ट विचारा आणि बिल घ्या. क्लाउनफिशला टाकीत समुद्रफुलाची गरज नसते. तो एखाद्या कपारीलाच घर मानतो.

जमीन काय म्हणते?

लालबाग-परळच्या जुन्या चाळींत वरच्या मजल्यांना लाकडी तुळया आणि फळ्या असतात. म्हणून टाकी विकत घेण्याआधी वजनाचं गणित करू. माझी टाकी आतून ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच आहे. पाणी ३६ सेंटिमीटरपर्यंत भरतो.

६० × ४० × ३६ = ८६,४०० घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ८६ लिटर. खालच्या लहान टाकीत आणखी २४ लिटर. एकूण ११० लिटर. खारं पाणी साध्या पाण्याहून थोडं जड, म्हणून सुमारे ११३ किलो. दोन्ही टाक्यांची काच २८ किलो, खडक आणि वाळू २० किलो, लोखंडी स्टँड २० किलो. बेरीज १८० किलोच्या आसपास. म्हणजे साठ-साठ किलोची तीन माणसं एका पाटाएवढ्या जागेवर रात्रंदिवस उभी, आणि ती कधीच बाजूला होणार नाहीत.

राहत्या घराच्या जमिनीवर साधारण दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आज इमारतींची रचना करतात. जुन्या चाळी हा हिशेब येण्याच्या कितीतरी आधीच्या. म्हणून स्टँड खोलीच्या मध्यावर नको, जाड भिंतीला लागून हवा, आणि भार एकाच फळीवर न येता दोन-तीन तुळयांवर वाटला जाईल असा आडवा हवा. जमीन चालताना हलत असेल, इमारत दुरुस्तीच्या यादीत असेल किंवा मनात जराही शंका असेल, तर आधी जाणकार अभियंत्याला दाखवा. नाहीतर तळमजल्यावरच्या नातेवाइकाकडे टाकी ठेवा. शाळेतही टाकी तळमजल्यावरच असू द्या.

दोन टाक्या कशासाठी?

गोड्या पाण्याच्या टाकीत एक लहानसा फिल्टर चालतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीखाली सहसा दुसरी टाकी असते, तिला 'संप' म्हणतात. संप म्हटलं की लालबागकराला १९८२ आठवतं. इथला संप मात्र काम करणारा आहे! त्याचे तीन कप्पे असतात. पहिल्यात वरून आलेलं पाणी स्पंजातून किंवा कापडी पिशवीतून गाळलं जातं. दुसऱ्यात स्किमर आणि जिवाणूंना घर म्हणून सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे. तिसऱ्यात पंप, जो पाणी पुन्हा वर पाठवतो.

स्किमर म्हणजे काय? भातावर पेज उकळताना फेस येतो तसं समजा. पाण्यातून बारीक बुडबुडे सोडले की माशांच्या विष्ठेतले आणि उरलेल्या खाद्यातले काही पदार्थ बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि पेल्यात जमतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, म्हणून ही युक्ती तिथे चांगली चालते. गोड्या पाण्यात ती फारशी साधत नाही.

आता पाण्याचा प्रवास पाहा. वरच्या टाकीच्या मागच्या काचेत, वरच्या बाजूला एक भोक असतं आणि त्यापुढे दातेरी कडेची छोटी पेटी. पाणी या कडेवरून सांडून पेटीत येतं आणि पाइपमधून आपल्या वजनाने खाली संपात पडतं. इमारतीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप आठवा, अगदी तसंच. खालून पंप पाणी वर ढकलतो. जेवढं वर जाईल तेवढंच सांडून खाली येईल. म्हणजे पंप कितीही जोरात चालला तरी वरची पातळी त्या कडेच्या आसपासच राहते. ही रचना फार हुशारीची आहे.

भोक काच दुकानातूनच पाडून घ्या, आणि ती काच टफन्ड नाही ना हे आधी विचारा. टफन्ड काचेला भोक पाडायला गेलात तर तिचा चुरा होतो.

त्या रात्री काय झालं?

वीज गेली, पंप थांबला. कडेवरून पाणी सांडायचं थांबलं, कारण पातळी कडेपर्यंत उतरली. मला वाटत होतं की गोष्ट इथेच संपते. पण पाणी वर नेणारा पाइप मी टाकीत १० सेंटिमीटर खोल सोडला होता, दिसायला नको म्हणून. पंप बंद झाल्यावर हाच पाइप उलटा चालायला लागला.

पिंपातून नळीने पाणी काढताना आपण काय करतो? नळी पाण्याने भरतो, एक टोक पिंपात, दुसरं खाली बादलीत. मग पाणी आपोआप चढून उतरत राहतं, जोवर पिंपातलं टोक पाण्यात आहे तोवर. याला वक्रनलिका म्हणतात. वसुदेवाचा प्याला नावाचं जुनं खेळणं याच तत्त्वावर चालतं: पाणी कृष्णाच्या पायाला लागलं की प्याला रिकामा होतो. माझ्या पाइपने तेच केलं. त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढलं.

किती पाणी? ६० × ४० × १० = २४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे २४ लिटर. पाइपमधलं आणि कडेवरचं मिळून आणखी साधारण २ लिटर. एकूण २६. आता खाली जागा किती होती? संप ४५ × ३० × ३० सेंटिमीटरचा, १८ सेंटिमीटरपर्यंत भरलेला. रिकामी उंची १२. म्हणजे ४५ × ३० × १२ = १६,२०० घन सेंटिमीटर, १६ लिटर.

२६ वजा १६. दहा लिटर पाणी जमिनीवर, आणि फळ्यांच्या फटींतून काकूंच्या छतावर.

दुसऱ्या दिवशी मी पाइपचं तोंड वर घेतलं, पाण्याखाली फक्त २ सेंटिमीटर. आता गणित असं: ६० × ४० × २ = ४.८ लिटर, अधिक २. म्हणजे ७ लिटरही नाही, आणि जागा १६ लिटरची. शिवाय पाइपला पाण्याच्या पातळीखाली १ सेंटिमीटरवर एक बारीक भोक पाडलं. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. हे भोक शेवाळ्याने बुजतं, म्हणून दर आठवड्याला काडीने साफ करायचं. घरातल्या मुलाला हे काम द्या, तो विसरणार नाही.

काही जण म्हणतील, उलटं पाणी थांबवणारा व्हॉल्व्ह बसवा की! बसवा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. मिठाचा खर किंवा शेवाळ्याचा धागा अडकला की तो पूर्ण बंद होत नाही. व्हॉल्व्ह अडकू शकतो. घनफळ कधी अडकत नाही.

दुसरं संकट: खाली येणारा पाइप तुंबला तर?

आता उलट विचार करू. पंप चालू आहे, पण सांडणाऱ्या पाइपात गोगलगाय किंवा फिल्टरचा कापूस अडकला. पंप वर पाणी ढकलतच राहणार, तिसऱ्या कप्प्यातलं पाणी संपेपर्यंत. तो कप्पा १५ × ३० × १८ सेंटिमीटरचा, म्हणजे ८.१ लिटर. वरच्या टाकीत काठापर्यंत मोकळी उंची ४ सेंटिमीटर: ६० × ४० × ४ = ९.६ लिटर. ८.१ हे ९.६ पेक्षा कमी, म्हणून पाणी काठावरून सांडणार नाही. कप्पा मोठा केला असता तर सांडलं असतं. म्हणून पंपाचा कप्पा लहानच ठेवावा.

शिवाय खाली येणारे पाइप दोन ठेवा. एक रोजचा, दुसरा थोडा वरच्या पातळीवर, कोरडा, फक्त अडचणीच्या वेळेसाठी. दुसऱ्या पाइपातून पाण्याचा आवाज यायला लागला की समजायचं, पहिला तुंबतोय.

पाइपांचं सामान

प्लंबिंगच्या दुकानात मिळणारे यूपीव्हीसीचे पाइप, एल्बो, टी, बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन चालतात. पितळ, तांबं आणि जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड मात्र वापरू नका. खाऱ्या पाण्यात धातू गंजतात, आणि तांब्याचा अगदी थोडा अंशही कोळंबी आणि गोगलगायींसारख्या जिवांना मारतो. काही गोष्टी ध्यानात ठेवा:

१. खाली येणारा पाइप वर जाणाऱ्यापेक्षा जाड हवा. खाली पाणी नुसतं वजनाने पडतं, वर ते जोराने ढकललेलं असतं. वर पाऊण इंची असेल तर खाली एक इंची.

२. वळणं कमी ठेवा. दर एल्बोला प्रवाह थोडा थोडा मंदावतो.

३. पंपाजवळ एक युनियन बसवा. म्हणजे पंप साफ करायला काढताना पाइप कापावा लागत नाही.

४. आधी सगळं कोरडं जोडून पाहा, पेन्सिलीने खुणा करा, मगच सोल्युशन लावा. लावल्यावर एक दिवस पाणी सोडू नका.

५. मग साधं पाणी भरून दोन दिवस चालवा. प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवा. थेंब पडला तर कागद सांगेल.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा फसवा असतो. 'ताशी १००० लिटर' हा आकडा पाणी वर चढवायचं नसताना मिळणारा. आपल्याला पाणी मीटर-सव्वा मीटर चढवायचं असतं, त्यामुळे प्रत्यक्षात अर्ध्याच्या आसपास मिळू शकतं. नेमकं किती, ते मोजा. वरच्या पाइपाखाली एक लिटरचं भांडं धरा आणि घड्याळ लावा. ७ सेकंदांत भरलं तर ३६०० ÷ ७ म्हणजे ताशी सुमारे ५१४ लिटर. ८६ लिटरच्या टाकीचं पाणी तासाला सुमारे सहा वेळा संपातून फिरतं. एवढं पुरेसं आहे.

विजेबद्दल एकच, पण महत्त्वाचं. प्रत्येक वायर आधी खाली झोळ देऊन मग बोर्डाकडे न्या. वायरवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडेल, बोर्डात शिरणार नाही. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा. आणि हात पाण्यात घालण्याआधी बटण बंद, हा नियम मोठ्यांनीही पाळावा.

पाणी कुठलं आणि मीठ कोणतं?

"समुद्र तर दादरला, गिरगावात, हाकेच्या अंतरावर. चार कॅन भरून आणले तर?" असं मुलं विचारतील. आणू नका. चौपाटीच्या पाण्यात सांडपाणी असतं, तेल असतं, पावसाळ्यात त्याचा खारटपणा बदलतो, विसर्जनानंतर रंग आणि प्लास्टर असतं. मोठ्या मत्स्यालयांकडे मोठ्या गाळण्या आणि पगारी माणसं असतात. आपल्याकडे एक पिंप आहे.

नळाला पाणी येतं ते तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांचं, क्लोरीन घातलेलं. ते आरओमधून काढून घ्या. पण स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळण्याची सोय असते. टीडीएस मीटरवर आकडा शून्याजवळ येतोय ना ते पाहा. आरओमधून वाया जाणारं पाणी लादी पुसायला वापरा. चाळीत पाण्याची वेळ ठरलेली असते, म्हणून मीठ मिसळण्यासाठी झाकणाचं वेगळं पिंप ठेवा. त्यावर 'पिऊ नये' असं मोठ्या अक्षरांत लिहा.

स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. ते जवळजवळ नुसतं सोडिअम क्लोराइड असतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, पोटॅशिअम, सल्फेट, बायकार्बोनेट असं बरंच काही ठरावीक प्रमाणात असतं. मत्स्यालयासाठी तयार मिश्रण मिळतं. प्रमाण साधारण लिटरला ३५ ग्रॅम. ११० लिटरला जवळजवळ ४ किलो मीठ! मुलांसमोर वजन करा, समुद्र किती खारट असतो ते तोंडी सांगण्यापेक्षा असं पटकन कळतं. हायड्रोमीटरवर सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास यायला हवी. मीठ पिंपात विरघळवा, एक दिवस पाणी फिरू द्या, मग टाकीत घाला. मासे असलेल्या टाकीत कोरडं मीठ कधीच टाकू नका.

पाणी आटतं, मीठ आटत नाही

वडाळ्याच्या, भाईंदरच्या मिठागरांत जे होतं तेच आपल्या टाकीत रोज होत असतं. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. ११० लिटरमधलं १० लिटर आटलं तर लिटरला ३५ ग्रॅमचं ३८.५ ग्रॅम होतं. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी बिनमिठाचं आरओ पाणी घालायचं. खारं पाणी घालणं ही नवशिक्यांची हमखास चूक. पंपाच्या कप्प्यावर पट्टी चिकटवून रेघ मारा आणि रोज रेघेपर्यंत भरा. पण रेघेच्या वर कधीच नको. वर जेवढं जास्त भराल, तेवढी वीज गेल्यावरची मोकळी जागा कमी होईल.

उन्हाळ्यात हा प्रश्न वाढतो. टाकीचं पाणी २५ ते २७ अंशांवर राहावं, आणि मे महिन्यात आपली खोली ३२-३३ वर. पाण्यावर छोटा पंखा सोडला की माठातल्या पाण्यासारखं दोन-तीन अंश थंड होतं, पण आटण्याचं प्रमाणही वाढतं. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने पंख्याचा उपयोग कमी होतो. पाणी थंड करणारं यंत्र मिळतं, पण ते महाग असतं आणि वीजही खातं. हा खर्च झेपणार नसेल तर टाकीचा विचार आत्ताच सोडलेला बरा. नंतर मासे तडफडताना पाहण्यापेक्षा मुलाला आज 'नाही' म्हणणं सोपं आहे.

सहा आठवडे रिकामी टाकी

पाणी तयार, पाइप तयार, तरी मासे लगेच आणायचे नाहीत. माशाच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच कमी घातक. पुस्तकातलं नायट्रोजन चक्र ते हेच. हे जिवाणू खडकांवर आणि सिरॅमिकवर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात.

सुरुवातीला कोळंबीचा एक लहान तुकडा जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात सोडा. तो कुजला की अमोनिया वाढेल. तपासणीच्या किटने दर दोन दिवसांनी मोजा आणि आलेख काढा. अमोनियाची रेघ चढते, मग उतरते. तिच्या मागून नायट्राइटची चढते-उतरते. शेवटी नायट्रेटची चढत राहते. दोन्ही विषारी रेघा शून्यावर टेकल्या की एकच मासा आणा. डोळ्यांना न दिसणारे जीव कामाला लागलेत, हे पटवणारा याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

पुढे दर आठवड्याला दहा टक्के, म्हणजे ११ लिटर पाणी बदला. त्याला सुमारे ३८५ ग्रॅम मीठ लागेल. खाद्य चिमूटभरच. सांध्यावर पांढरी रेघ दिसली तर तिथे बारीक गळती आहे असं समजा. चाळीत डासांसाठी धूर फवारणी असेल त्या दिवशी टाकी झाका आणि हवेचा पंप बंद करा. ती औषधं माशांना आणि कोळंबीला घातक असतात. आणि शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी जाताना शेजाऱ्यांना दोनच गोष्टी सांगा: रेघेपर्यंत आरओ पाणी, आणि मोजून ठेवलेल्या पुड्यांतली रोज एक पुडी. टाकी बंद करायची वेळ आली तर मासे दुकानात परत द्या, समुद्रात किंवा नाल्यात सोडू नका.

वर्गात टाकीशिवाय करण्यासारखं

१. दोन बाटल्या आणि सलाइनची स्वच्छ, न वापरलेली नळी घ्या. वक्रनलिका चालू करा. वरचं टोक १० सेंटिमीटर बुडवून, मग २ सेंटिमीटर बुडवून किती पाणी खाली आलं ते मोजा. आधी गणित, मग प्रयोग.

२. त्याच नळीला पाण्याच्या पातळीखाली टाचणीने भोक पाडा. पाणी कुठे थांबतं?

३. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. साध्या आणि खाऱ्या पाण्यात अंडं सोडून पाहा. तरंगायला आणखी किती मीठ लागतं?

४. खारं पाणी ताटलीत उन्हात ठेवा आणि पातळीच्या रेघा मारा. शेवटी ताटलीत काय उरतं?

५. चर्चा: प्रवाळ 'सुंदर दिसतो' म्हणून घरी आणावा का? वरळीचे प्रवाळ हलवण्यावर वेळ आणि पैसा का घालवला?

शेवटची परीक्षा

टाकी बसवून झाली, गळती नाही, पाणी छान फिरतंय. आता मासे आणण्याआधी एक परीक्षा घ्या. सुट्टीच्या दिवशी, दिवसाढवळ्या, सगळे घरी असताना, मुलाला म्हणा, "पंपाचं बटण बंद कर." सगळ्यांनी खाली बसून संपातलं पाणी चढताना पाहा. ते कुठे थांबतं तिथे रेघ मारा. काठाच्या बऱ्याच खाली थांबलं तर टाकी पास. पुन्हा चालू करा, पुन्हा बंद करा, तीनदा. पाण्याला जे करायचं आहे ते आपल्यासमोर करू द्या.

मी ही परीक्षा त्या रात्रीच्या आधी घेतली असती तर काकूंच्या छतावर तो डाग पडला नसता. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या घरी बटण बंद होतं. मुलगी पट्टी घेऊन बसते, आकडा वहीत लिहिते, आणि मग खाली जाऊन काकूंना सांगते, "आजी, पास झाली हो टाकी!"